कमरेचे रिव्हॉल्व्हर आणि गंजाचा बंदोबस्त

रोकड घेऊन ये-जा करणाऱ्या काही व्यापारी बंधूंजवळ परवान्याचे लहान रिव्हॉल्व्हर असते. परवान्यासाठी जेवढी धावपळ होते, तेवढी काळजी नंतर हत्याराची घेतली जात नाही. मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतच्या हवेत ओल आणि मीठ दोन्ही असतात. त्यात कमरेचा घाम. गंज लागलेली चक्री ऐन वेळी फिरली नाही, तर हत्यार असून नसल्यासारखेच. म्हणून त्यावरचा मुलामा चमक पाहून नव्हे, वापर पाहून निवडावा.

सर्वांत जुना व स्वस्त प्रकार ब्लूइंगचा. हा मुलामा नव्हेच. गरम क्षाराच्या द्रावणात पोलादाच्याच पृष्ठभागावर काळसर ऑक्साईडचा थर तयार होतो. तो अतिशय पातळ व सच्छिद्र असतो. त्याचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे. तेल सुकले की संरक्षण संपले. कपाटात राहणाऱ्या हत्याराला ब्लूइंग पुरते, रोज अंगावर वागवायच्या हत्याराला नाही.

निकेलची चमक मोहात पाडते. पण निकेलला चीर पडली की ओल आत शिरते, खालचे पोलाद गंजते आणि पापुद्रे सुटतात. निकेलखाली पुष्कळदा तांब्याचा थर असतो. नळी साफ करण्याच्या अमोनियायुक्त द्रावणाने तो खाल्ला जातो. निकेलच्या मालावर असे द्रावण वापरू नये.

हार्ड क्रोम दिसायला राखाडी, पण फार टणक. घासून सहजी जात नाही. मात्र त्याच्या थरात बारीक भेगा असतात, म्हणून तेल लागतेच. शिवाय क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. काम झाल्यावर माल भट्टीत तापवून तो काढावा लागतो. कारागिराला हे आधी विचारावे.

भट्टीत भाजलेला सिरॅमिक रंग खाऱ्या हवेला चांगला टिकतो, पण त्याचा थर जाड असतो. चक्री आणि नळी यांच्यातील फट एक-दोन कागदांइतकीच. तेथे जास्त रंग बसला तर चक्री अडेल.

रोज अंगावर बाळगणाऱ्याने मुलाम्यापेक्षा मूळ धातूकडे पाहावे. स्मिथ अँड वेसनने १९६५ साली मॉडेल ६० हे लहान रिव्हॉल्व्हर स्टेनलेस स्टीलमध्ये काढले, ते यासाठीच. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ साली काढलेले 'निर्भीक' टायटॅनियम मिश्रधातूचे होते. वजन सुमारे ५०० ग्रॅम, त्या वेळची किंमत सुमारे सव्वा लाख. स्टेनलेसलाही घामातील मिठाने डाग पडतात, पण पुसायला सवड मिळते.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गल्लीतला प्लेटिंगवाला ओळखीचा असला तरी रिव्हॉल्व्हर परस्पर त्याच्या हाती देऊ नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे हत्याराच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. मुलाम्याचे काम परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्यामार्फतच करावे आणि पावती घ्यावी. चारशे-पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात देणारा आणि घेणारा दोघेही गोत्यात येतील.

आता थोडे कापडाविषयी. पुष्कळ लोक हत्यार सुती फडक्यात गुंडाळून ठेवतात. सूत हवेतली ओल ओढते. आमच्या धंद्यात त्याचे प्रमाण साडेआठ टक्के धरतात, पॉलिएस्टरचे अर्धा टक्काही नाही. सुती फडके पुसायला उत्तम, गुंडाळायला वाईट. चामड्याच्या म्यानातही ओल आणि चामडे कमावतानाचे क्षार राहतात. रात्री हत्यार म्यानातून काढावे, रिकामे करून पुसावे, तेलाचा हलका हात फिरवावा आणि सिलिका जेलच्या पुडीसह कुलपात ठेवावे. पावसाळ्यात पुडी वरचेवर बदलावी. एवढे केले तर साधे ब्लूइंगही पुष्कळ वर्षे साथ देते, न केले तर महागडा क्रोमही दगा देतो.