टाचेतला रक्ताचा थेंब

“बाळ फार गुणी आहे हो! रडत नाही, की रात्री कोणाला उठवत नाही.” बाळंतिणीच्या खोलीत असे कौतुक पुष्कळदा ऐकू येते आणि बहुधा ते खरेही असते. क्वचित मात्र असे बाळ गुणी नसून आजारी असते. दूध पिताना ते मध्येच झोपी जाते, रडले तर आवाज घोगरा येतो, शौचास साफ होत नाही, जन्मानंतरची कावीळ दोन-तीन आठवडे उलटले तरी रेंगाळते. यातले बहुतेक प्रत्येक लक्षण निरोगी बाळातही आढळते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

आपल्या गळ्यात श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, असते. थायरॉक्सिन हे संप्रेरक ती रक्तात सोडते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. शरीरातील पेशींच्या कामाचा वेग हे संप्रेरक ठरवते. मोठ्या माणसात ते कमी पडले तर सुस्ती येते, वजन वाढते. पण औषध सुरू केले की माणूस पूर्ववत होतो. तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होत असते आणि तिला थायरॉक्सिन लागतेच. त्या काळात राहिलेली उणीव पुढे कितीही औषध दिले तरी पुरती भरून निघत नाही.

काही बाळांत ही ग्रंथी तयारच झालेली नसते. काहींत ती गळ्यात उतरण्याऐवजी जिभेच्या मुळाशी अडकून राहते. तरीही जन्मतः बाळ ठणठणीत दिसते. कारण गर्भात असताना आईचे थोडे थायरॉक्सिन वारेतून त्याला मिळालेले असते. जगात सुमारे दोन ते चार हजार बाळांमागे एकाला हा विकार असतो. भारतातील पाहण्यांत हे प्रमाण अधिक, म्हणजे सुमारे हजार ते दीड हजारांत एक, असे आढळले आहे.

तेव्हा लक्षणांची वाट पाहून चालत नाही. सर्वच बाळांचे रक्त तपासले पाहिजे. पण इवल्या बाळाचे रक्त घ्यायचे तरी किती? अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत दुसऱ्याच एका विकारासाठी युक्ती काढली होती. टाचेला बारीकसे टोचून निघालेले थेंब जाड गाळणकागदावर टिपायचे, वाळवायचे आणि टपालाने प्रयोगशाळेत धाडायचे! कॅनडातील क्वेबेक येथे झाँ द्यूसो यांनी १९७० नंतर अशाच वाळलेल्या ठिपक्यातून थायरॉक्सिन मोजून दाखवले.

इतक्या थोड्या रक्तातील संप्रेरक मोजायचे कसे? रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधलेली पद्धत येथे कामी आली. (यॅलोंना तिच्यासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले; बर्सन तोवर हयात नव्हते.) शाळेतली संगीत खुर्ची आठवा. खुर्च्या म्हणजे संप्रेरकाला पकडणारी प्रतिपिंडे. त्यांची संख्या ठरलेली. किरणोत्सर्गी खूण केलेले काही रेणू आपण खेळात सोडायचे आणि बाळाच्या रक्तातले बिनखुणेचे रेणूही त्यांच्याबरोबर सोडायचे. खूणवाल्यांना जितक्या कमी खुर्च्या मिळतील, तितके रक्तातले संप्रेरक जास्त. आज किरणोत्सर्गी खुणेऐवजी बहुधा चकाकणाऱ्या द्रव्याची खूण वापरतात.

पुष्कळ ठिकाणी आता थायरॉक्सिनऐवजी टीएसएच मोजतात. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ही अवटू ग्रंथीची मुकादम. काम कमी पडले की ती टीएसएच नावाचे संप्रेरक अधिकाधिक सोडून जणू हाकाटी करते. म्हणून टीएसएच फार वाढलेले दिसले की अवटू ग्रंथी थकली असे समजावे. मुकादमच आजारी असेल तर मात्र ही हाकाटी होत नाही आणि तो विकार या तपासणीतून निसटतो. आणखी एक अडचण आहे. आईच्या पोटातल्या उबेतून बाहेर पडताच प्रत्येक बाळाचे टीएसएच पहिल्या अर्ध्या तासात उसळते आणि मग काही दिवसांत ओसरते. त्यामुळे रक्त ४८ तासांनंतर, शक्यतो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी घेणे चांगले. बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवले तर ही वेळ साधायची कशी, हा प्रश्न उरतोच. गोव्यात २००८ साली सरकारने अशी तपासणी सुरू केली होती. देशातील प्रत्येक बाळापर्यंत ती अजून पोचलेली नाही. खर्च थेंबभर रक्ताचा आणि हानी जन्मभराची, हे पाहता ही दिरंगाई मला समजत नाही.

कागदावरचा ठिपका ही केवळ चाळणी होय. तिच्यात अडकलेल्या बाळाच्या शिरेतून पुन्हा रक्त घेऊन टीएसएच व थायरॉक्सिन दोन्ही मोजतात, तेव्हा निदान पक्के होते. मग दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू करायचे: वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन. गोळी कुस्करून चमचाभर आईच्या दुधात द्यायची. लोहाचे वा कॅल्शियमचे औषध तिच्यासोबत द्यायचे नाही, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. काही मुलांत हा दोष तात्पुरता असतो. म्हणून अशा मुलांचे औषध तीन वर्षे पूर्ण झाल्यावर डॉक्टर काही आठवडे थांबवतात आणि रक्त पुन्हा तपासून पाहतात.