‘७६ टक्के सूट’, पण कशावर? सेलमधली खरी किंमत अशी काढा

गणपती गेले की मोबाइलवर सेलच्या नोटिफिकेशनचा मारा सुरू होतो. दसरा आणि दिवाळी पाडवा हे साडेतीन मुहूर्तांतले दिवस. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन अशी मोठी खरेदी अनेक घरांत या दिवसांसाठी राखून ठेवलेली असते आणि दिवाळीचा बोनसही त्यातच खर्ची पडतो. मात्र स्क्रीनवर दिसणारा सवलतीचा टक्का आणि खात्यातून प्रत्यक्ष जाणारी रक्कम यांत बरेच अंतर असू शकते. ते अंतर कसे ओळखायचे, ते पाहू.

सवलत नेमकी कशावर मोजतात?

बहुतेक वेळा एमआरपीवर. एमआरपीपेक्षा जास्त दराने वस्तू विकणे बेकायदा आहे. पण बहुतांश वस्तूंची एमआरपी किती असावी, हे उत्पादक किंवा आयातदारच ठरवतो. एमआरपी फुगली की सवलतीचा टक्काही फुगतो. समजा, ४,९९९ रुपये एमआरपीचे इअरबड्स एरवीही १,२९९ रुपयांना मिळतात. सेलमध्ये ते १,१९९ रुपयांना आले, तर स्क्रीनवर ‘७६ टक्के सूट’ झळकते. प्रत्यक्षात वाचतात १०० रुपये.

युरोपीय संघात सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. आपल्याकडे असा नियम नाही. त्यामुळे ही नोंद ग्राहकानेच ठेवायला हवी. सेलच्या दोन-तीन आठवडे आधी वस्तू विशलिस्टमध्ये टाका आणि त्या दिवशीच्या किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. सवलत मोजायची ती या किमतीशी.

आणखी एक मुद्दा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या एमआरपीशी तुलना करून ‘बचत’ दाखवली असेल, तर त्यातला काही भाग करकपातीचा आहे, सेलचा नव्हे.

बँक ऑफरमधून किती वाचते?

‘१० टक्के इन्स्टंट डिस्काउंट’ या ओळीखालचा बारीक मजकूर वाचा. तिथे बहुधा कमाल मर्यादा असते. मर्यादा १,५०० रुपये असेल, तर १५,००० रुपयांच्या खरेदीवर पूर्ण १० टक्के मिळतात. ४०,००० रुपयांच्या फोनवर मात्र ही सूट अवघी ३.७५ टक्के होते.

जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याशेजारी तारांकन असेल, तर त्या किमतीत बँक ऑफर आणि जुन्या फोनचा एक्स्चेंज बोनसही धरलेला असू शकतो. तुमच्याकडे ते कार्ड किंवा जुना फोन नसेल, तर ती किंमत तुमच्यासाठी नाहीच.

‘नो कॉस्ट ईएमआय’ खरेच फुकट असतो?

रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच ‘शून्य टक्के व्याज’ अशी काही गोष्ट नसते, असे स्पष्ट केले होते. ‘नो कॉस्ट’मध्ये साधारणपणे बँक व्याज घेतेच, तेवढी रक्कम आधी किमतीतून सूट म्हणून वजा केली जाते. उदाहरणार्थ, ३०,००० रुपयांचा फोन, ६ महिन्यांचे हप्ते आणि वार्षिक १५ टक्के व्याज धरू:

- दरमहा हप्ता ५,००० रुपये. सहा महिन्यांतले व्याज सुमारे १,२७० रुपये. तेवढीच सूट आधी मिळाल्याने इथपर्यंत हिशेब बरोबर.
- व्याजावर १८ टक्के जीएसटी: सुमारे २२९ रुपये.
- प्रोसेसिंग फी १९९ रुपये धरली, तर जीएसटीसह सुमारे २३५ रुपये.

म्हणजे जवळपास ४६५ रुपये जादा. पूर्ण रक्कम एकदम भरल्यावर मिळणारी १,५०० रुपयांची सूट हप्त्यांवर लागू नसेल, तर फरक २,००० रुपयांच्या घरात जातो. हप्त्यांची सोय हवी असेल, तर तेवढी किंमत मोजायला हरकत नाही. फक्त ती फुकट नाही, हे माहीत असावे.

स्वस्त वस्तू जुनी तर नाही?

नुसत्या नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल क्रमांक पाहा. ‘आय५ लॅपटॉप’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. इंटेलचा आय५ प्रोसेसर २००९ पासून बाजारात आहे. आय५-१२३५यू या क्रमांकातले पहिले दोन अंक १२ वी पिढी सांगतात. एसी, फ्रिज घेताना स्टार लेबलवरचा कालावधीही तपासा. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले, तेव्हा आधीचे ‘फाइव्ह स्टार’ एसी ‘फोर स्टार’च्या श्रेणीत आले होते.

मॉडेल क्रमांक हाती आला की जवळच्या दुकानातही भाव विचारा. डिलिव्हरी, जोडणी आणि जुन्या वस्तूची किंमत धरून दुकानदाराचा अंतिम आकडा अनेकदा आसपासच निघतो.

‘शेवटची १० मिनिटे’ हा टायमर खरा का?

नेहमीच नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यातल्या १३ प्रकारांत खोटी घाई निर्माण करणे, न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी टाकणे आणि शेवटच्या पानावर छुपे शुल्क लावणे यांचा समावेश आहे. पैसे भरण्याआधी कार्टमधली प्रत्येक ओळ वाचा.

व्हॉट्सॲपवर आलेल्या सेलच्या लिंकवरून खरेदी टाळा. ॲप स्वतः उघडा. रिफंड मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कुणी तो टाकायला सांगितले, तर ती फसवणूकच समजा.

गडबड झाल्यास दाद कुठे मागायची?

- आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निराकरण बंधनकारक आहे.
- तिथे दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.
- पैसे लुबाडले गेल्यास लगेच सायबर हेल्पलाइन: १९३०.
- शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.

मुहूर्ताची वाट पाहताना…

सेल बहुधा नवरात्राच्या सुमारास सुरू होतो आणि घटस्थापनेपासून पाडव्यापर्यंत महिनाभराचे अंतर असते. वस्तू परत करण्याची मुदत मात्र अनेकदा डिलिव्हरीपासून ७ ते १० दिवसांचीच असते. मुहूर्तासाठी खोका तसाच ठेवला आणि पाडव्याला टीव्हीचा स्क्रीन फुटलेला निघाला, तर परतीची मुदत कधीच उलटून गेलेली असेल. म्हणून खोका आल्या दिवशीच उघडा, उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि वस्तू चालवून पाहा. पूजा पाडव्याला करता येतेच.