पाव मैल – भाग ९ : पाटे उतरवायची घाई नको

मागचा अ‍ॅक्सल चार दांड्यांनी धरणाऱ्या फोर-लिंक सस्पेन्शनच्या ब्रॅकेटवर इतकी भोकं का असतात आणि त्यातलं कोणतं कधी वापरायचं, हे या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढे ढकलतो आहे. डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका वाचकाच्या पत्राने माझ्या अतिशय आवडत्या विषयाचं दार उघडलं आणि तो विषय दोन परिच्छेदांत उरकणं मला जमणार नाही.

त्यांच्याकडे १९७२ची प्लिमथ डस्टर आहे. ३४० घन इंचांचं इंजिन, टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्स, मागे ३.९१चा रेशो. शनिवारी मुलांना घेऊन फिरायला जायचं, आठवड्यातून एकदा ऑफिसलाही न्यायची आणि महिन्यातून एखाद्या वेळी ड्रॅग स्ट्रिपवर. टायरवरचा भाग वाचून त्यांनी ड्रॅग रेडियल टायर चढवले. आता टायर धरतात, पण गाडी सुटताना मागून धडधड ऐकू येते आणि अख्खी शेपटी नाचते. गॅरेजवाल्याने सल्ला दिला, ‘हे जुने पाटे काढून टाका, लॅडर बार घाला.’ घालू का, असं ते विचारतात.

माझं उत्तर : नका घालू. तुमच्या गाडीत पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आहेत हा दोष नाही. त्या पाट्यांचा पुढचा अर्धा भाग सैल पडतो आहे, हा दोष आहे.

आधी धडधड कुठून येते ते पाहू. इंजिनचा टॉर्क ५४० न्यूटन-मीटर धरा. टॉर्कफ्लाइटचा पहिला गिअर २.४५ आणि मागचा रेशो ३.९१. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर जवळजवळ ५,२०० न्यूटन-मीटर पोचले, टॉर्क कन्व्हर्टरची भर वेगळीच. चाकं पुढे फिरायला लागली की अ‍ॅक्सलचं हौसिंग तेवढ्याच जोराने उलट्या दिशेला फिरायला बघतं. हौसिंगचं पुढचं टोक, म्हणजे पिनियनचं नाक, वर उचललं जातं. त्याला अडवायला पाट्यांशिवाय कोणी नाही. मग पाट्याचा पुढचा भाग वर फुगतो, मागचा खाली वाकतो आणि बाजूने पाहिलं तर आडव्या पडलेल्या इंग्रजी ‘एस’सारखा आकार दिसतो. पीळ एका मर्यादेला पोचला की टायर सुटतो, पाटा झटक्यात उलगडतो, टायर पुन्हा धरतो, पुन्हा पीळ बसतो. हेच सेकंदात कितीतरी वेळा घडतं. चिखलाच्या चढावर रिकामी पिकअप मागून अशीच थडथडते, ते आपल्याकडे अनेकांनी पाहिलं असेल. स्ट्रिपवर टायर चिकट असल्यामुळे तो झटका थेट अ‍ॅक्सल शाफ्ट, पिनियनचे दात आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसपर्यंत जातो. चांगले टायर घातल्यावर गाडी मोडते ती यामुळे. टायर धरत नव्हता तोवर पाट्याची कमजोरी झाकलेली होती.

डेट्रॉइटच्या कारखान्यांना हे पक्कं ठाऊक होतं आणि प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. १९६७च्या पहिल्या कॅमॅरोला मागे एकेका पानाचेच पाटे होते आणि ती गाडी सुटताना थडथडण्यासाठी कुप्रसिद्ध झाली. १९६८ मध्ये शेव्हर्लेने एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे लावला, म्हणजे हौसिंग पिळायला लागलं की दोन्ही शॉक त्याला विरोध करतील. ताकदवान मॉडेलांना अनेक पानांचे पाटेही दिले. फोर्डने ४२८ कोब्रा जेट मस्टँगच्या फोर-स्पीड गाड्यांना असेच पुढे-मागे शॉक लावले. त्याआधी १९६५च्या शेल्बी जीटी-३५०ला ट्रॅक्शन मास्टरचे बार अ‍ॅक्सलच्या वरून बसवलेले होते.

पण ज्यांचं काम मला सगळ्यात जास्त भावतं ते क्रायस्लरवाले. १९५०च्या दशकाच्या शेवटी क्रायस्लरच्या तरुण इंजिनिअरांनी ‘रॅमचार्जर्स’ नावाचा क्लब काढला आणि १९४९च्या एका प्लिमथ कूपवर प्रयोग सुरू केले. त्या गाडीचं नाव होतं ‘हाय अँड मायटी’. गाडी मुद्दाम उंच उभी केली होती, कारण गुरुत्वमध्य जितका उंच तितकं सुटताना जास्त वजन मागे जातं, हे तिसऱ्या भागात आपण आकड्यांनिशी पाहिलं. त्या काळच्या टायरांना ते वजन हवंच होतं. १९६५ मध्ये क्रायस्लरने कारखान्यातूनच अशा गाड्या काढल्या ज्यांचा मागचा अ‍ॅक्सल १५ इंच आणि पुढची चाकं १० इंच पुढे सरकवलेली होती. हेतू तोच : मागच्या टायरवर वजन आणायचं. इतक्या टोकाला जायची तयारी असलेल्या या लोकांनी सुपर स्टॉक वर्गाच्या गाड्यांना मात्र पाटेच ठेवले. १९६८च्या हेमी डार्ट आणि हेमी बाराकुडा, ज्यांची जुळणी हर्स्ट कंपनीने केली, त्याही पाट्यांवरच सुटत. डार्ट आणि डस्टर क्रायस्लरच्या एकाच ए-बॉडी कुटुंबातल्या. वाचकहो, तुमच्या गाडीखाली जे आहे त्याची पुढची पायरी तिच्याच घरात तयार झालेली आहे.

ती पायरी म्हणजे क्रायस्लरच्याच मोपार ब्रँडचे सुपर स्टॉक पाटे. क्रायस्लरच्या पाट्यात अ‍ॅक्सल मधोमध बसत नाही, पुढच्या डोळ्याकडे, म्हणजे पाटा बॉडीला जोडणाऱ्या पुढच्या कडीकडे, सरकलेला असतो. पुढचा भाग आखूड, मागचा लांब. सुपर स्टॉक पाट्यांत या आखूड भागाला जास्त पानं देऊन तो कडक केला आणि मागचा तुलनेने मऊ ठेवला. आता पिनियन वर जायला लागलं की पुढचा भाग मुडपत नाही, तो दांड्यासारखा अख्खा उचलला जातो आणि पुढच्या डोळ्यापाशी गाडीच्या बॉडीला वर ढकलतो. बॉडी जितक्या जोराने वर ढकलली जाते तितक्याच जोराने टायर खाली दाबला जातो. म्हणून या पाट्यांची गाडी सुटताना मागून बसत नाही, उठते. नवख्या माणसाला शेपटी खाली बसलेली गाडी जास्त धरते आहे असं वाटतं. प्रत्यक्षात बसणारी गाडी टायरवरचं वजन सावकाश आणते आणि उठणारी गाडी तेच वजन क्षणात आणते. एकूण किती वजन मागे जाणार हे गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि प्रवेग ठरवतात. सस्पेन्शन ठरवतं ते किती लवकर आणि कोणत्या वाटेने.

या पाट्यांतली दुसरी गोष्ट मला दरवेळी पाहताना आनंद देते. उजवा आणि डावा पाटा वेगळे असतात. उजव्यात पानं जास्त. कारण प्रोपेलर शाफ्टचा पीळ अ‍ॅक्सलला आडवाही फिरवतो आणि उजवा टायर उचलायला बघतो. आपल्या उदाहरणात शाफ्टवर साधारण १,३२० न्यूटन-मीटर येतात आणि दोन मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे १.४ मीटर आहे. म्हणजे उजव्या टायरवरचं ९०-९५ किलोपर्यंत वजन डावीकडे सरकू शकतं. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगा तो पीळ आपसात कसा वाटून घेतात यावर प्रत्यक्ष आकडा ठरतो. उजवीकडची जादा पानं हे वजन परत मिळवून देतात. त्यामुळे नुसती उभी असताना गाडी उजवीकडे मागून किंचित उंच दिसते. रस्त्यावर कोणी ‘पाटा बसलाय का डावीकडचा’ असं विचारलं तर काळजी करू नका, ती तशीच असायला हवी.

आता पर्याय. पाटे राखून त्यांचा पुढचा भाग आवरायचे तीन मार्ग आहेत.

पहिला आणि सगळ्यात स्वस्त : पिनियन स्नबर. पिनियनच्या नाकावर बसवलेला रबराचा ठोकळा. नाक वर गेलं की तो फ्लोअरला टेकतो आणि पीळ तिथेच थांबतो. क्रायस्लरच्या गाड्यांना तो कारखान्यातूनच असतो, उंची जुळवता येणारा वेगळा मिळतो. स्ट्रिपवर फट अर्ध्या इंचाहून कमी ठेवतात. रस्त्यावर मात्र ती वाढवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात ठोका बसेल. त्याच जोडीला एक बिनपैशाचं काम : पाट्याच्या पुढच्या भागावरचे क्लॅम्प घट्ट, मागच्या भागावरचे सैल. पुढची पानं एकजीव होतात, मागची मोकळी सरकतात.

दुसरा मार्ग स्लॅपर बारचा. पाट्याखाली यू-बोल्टमध्ये धरलेला सरळ बार, त्याच्या पुढच्या टोकाला रबर. पीळ बसला की ते रबर पुढच्या डोळ्याला खालून टेकतं. इथे एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा : रबर बरोबर डोळ्याखाली टेकतं आहे का. बार दोन-तीन इंच आखूड असेल तर रबर डोळ्याच्या मागे, पाट्याच्या पानावर आदळतं आणि प्रत्येक लाँचला तिथेच पान वाकवत राहतं. दुसऱ्या गाडीचे जुने बार घेतलेत तर हे हमखास होतं. उजव्या बाजूची फट डावीपेक्षा थोडी कमी ठेवली की उजव्या टायरला थोडा आधी दाब मिळतो.

तिसरा, आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी माझ्या मनातला सर्वोत्तम, म्हणजे कॅलव्हर्ट रेसिंगचे कॅलट्रॅक. याची रचना पाहाच. पुढच्या डोळ्याच्या बोल्टवर एक त्रिकोणी पट्टी फिरती बसवलेली असते. अ‍ॅक्सलच्या खालच्या बाजूपासून एक बार त्या पट्टीच्या खालच्या कोपऱ्याला जोडलेला. पिनियन वर जायला लागलं की हौसिंगचा तळ पुढे येतो, बार पट्टीला पुढे ढकलतो, पट्टी फिरते आणि तिचा मागचा कोपरा पाट्याच्या पुढच्या भागाला वरून खाली दाबतो. जो भाग वर फुगणार होता तोच दाबला गेला. जितका टॉर्क जास्त, तितका दाब जास्त. आणि साध्या रस्त्यावर, एका वेगाने जाताना, टॉर्क थोडा असल्यामुळे बार जवळजवळ बिनकामाचे असतात, पाटा आपला मोकळा खेळतो. मुलांना घेऊन फिरायला जाताना गाडीला काही बसवलंय हे कळतही नाही.

लॅडर बारला मी नाही म्हणतो ते याच कारणाने. लॅडर बार हौसिंगला घट्ट जखडलेला असतो. सरळ स्ट्रिपवर तो उत्तम. पण एकच चाक खड्ड्यात गेलं किंवा वळणावर बॉडी कलली की दोन बार दोन वेगळ्या कोनांत जायला बघतात आणि मधे हौसिंगचीच नळी पिळली जाते. सस्पेन्शन अडतं, वेल्डवर ताण येतो, मागची पकड अचानक सुटते. शिवाय फ्लोअर कापून आडवा मेंबर वेल्ड करावा लागतो, बहुतेक वेळा पाट्यांच्या जागी कॉइलओव्हर घालावे लागतात आणि अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून वेगळा दांडा द्यावा लागतो. जी गाडी ट्रेलरवरून स्ट्रिपवर येते आणि ट्रेलरवरूनच घरी जाते तिला हे सगळं शोभतं. हॉट रॉड मासिकाचा ड्रॅग वीक २००५ मध्ये सुरू झाला. तिथे गाड्या वेगवेगळ्या स्ट्रिपवर धावतात आणि मधलं सुमारे हजार मैलांचं अंतर स्वतःच्या चाकांवर, सार्वजनिक रस्त्याने कापतात. असं अंतर कापायचं असेल तर रोज सकाळी सस्पेन्शन कुरकुरत उठणारी गाडी परवडत नाही.

तेव्हा डस्टरवाल्यांनो, काहीही विकत घ्यायच्या आधी गाडीखाली शिरा. पुढच्या डोळ्याचं रबर बुश चिरलं आहे का पाहा. चिरलं असेल तर कॅलट्रॅकही ते झाकू शकणार नाही. यू-बोल्टजवळ, जिथे पाटा अ‍ॅक्सलच्या बैठकीला टेकतो, तिथे रंग उडून धातू घासून चकचकीत झाला असेल तर अ‍ॅक्सल सरकतो आहे. यू-बोल्ट कसा आणि सेंटर बोल्ट तुटलेला नाही याची खात्री करा. मग कोणाला तरी फोन देऊन गाडीच्या बाजूला, चाकाच्या उंचीवर, सुरक्षित अंतरावर बसवा आणि दोन लाँच स्लो मोशनमध्ये टिपा. पाट्याचा पुढचा भाग किती फुगतो ते स्पष्ट दिसेल.

पिनियनचा कोनही मोजून ठेवा, गाडीचं वजन चाकांवर असताना. साध्या पाट्यांच्या गाडीला पिनियन प्रोपेलर शाफ्टच्या मानाने ५ ते ७ अंश खाली ठेवतात, कारण सुटताना ते तेवढं वर येणार. पीळ आवरल्यावर एवढा कोन लागत नाही. तसाच ठेवला तर हायवेवर कंप जाणवतो आणि क्रॉस लवकर जातात. बार लावले की कोन पुन्हा जुळवायचा, हे बरेच जण विसरतात.

माझा क्रम असा : बुश आणि बोल्ट, क्लॅम्प आणि स्नबर, सबफ्रेम कनेक्टर, मग कॅलट्रॅक. तुमची गाडी युनिबॉडी आहे, म्हणजे तिला वेगळी चेसिस नाही; बॉडीच वाकत असेल तर मागे काय लावलं याला अर्थ उरत नाही, म्हणून कनेक्टर आधी. कॅलट्रॅक लावायचे ठरले तर सुपर स्टॉक पाट्यांची गरज नाही. बार पुढचा भाग दाबणारच आहेत, तेव्हा मऊ पाटे चालतात आणि रस्त्यावर पाठही वाचते. दोन्ही एकत्र घातले तर टायरवर इतका झटका येतो की टायर धरून पुन्हा सुटतो.

तो झटका आवरायचं काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं. टायरवर वजन पहिल्या अर्ध्या सेकंदात आलं, पण तिथे टिकवायचं कोणी? पाटेवाले असोत की फोर-लिंकवाले, हा प्रश्न दोघांचा आहे. म्हणून पुढच्या आठवड्यात शॉक, आणि फोर-लिंकची भोकं त्यानंतर. मागच्या शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधून पुढच्या वेळी लाँच करा आणि तो किती सरकला ते मोजून लिहून ठेवा. तो आकडा पुढच्या भागात लागेल.