बांधावरचे जोडे

सुलतानपूरच्या शिवारात पाऊस थांबून दोन दिवस झालेत, पण वावरातलं पाणी अजून हटलेलं नाही. मेहकरकडून आलेल्या सहा गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. साहेब उतरतात. अंगात पांढरी खादी, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज. पुढाऱ्यांची मागची पिढी कोल्हापुरी करकरवत सभेला यायची. आता सगळ्याच पक्षांच्या पायांत हे बूट दिसतात.

कार्यकर्ते चिखलावर बारदानं अंथरतात. साहेब बांधावर थांबतात. समोर सोयाबीन, लांबून हिरवंगार. "फार नुकसान दिसत नाही," मागून कुणीतरी पुटपुटतं.

वावराची मालकीण साठीची आहे. ती बांधाशी चप्पल काढते. निळी रबरी चप्पल, तुटलेला पट्टा तारेनं बांधलेला. चार पावलं आत जाऊन ती मागे वळते.

"सायेब, जोडे काढा न. माती काई खात नाई. पाय धुयाले पानी देतो मी."

सगळे गप्प. साहेब खाली वाकतात, नाड्या सोडतात, मोजे बुटांत कोंबतात. पहिलंच पाऊल घोट्यापर्यंत रुततं. कुणीतरी हात द्यायला धावतं, ते नको म्हणतात. चौथ्या तासात, म्हणजे पिकाच्या चौथ्या ओळीत, बाई एक झाड उपटून त्यांच्या हातात देते. वरची पानं हिरवी, मुळं कुजून काळी. खालच्या शेंगा उकललेल्या, दाण्यांना कोंब फुटलेले. बांधावरून वहीत लिहिणारे तलाठीही आता पँट दुमडून उतरतात.

पिकाचं नुकसान किमान 33 टक्के असेल, तरच सरकारी मदत मिळते. ते 33 टक्के बांधावरून दिसत नाहीत.

मार्च 2018 मध्ये किसान लाँग मार्च नाशिकहून मुंबईला सुमारे 180 किलोमीटर चालत गेला. शेतकऱ्यांचे सोललेले तळवे तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं पाहिले. आपलं दुःख दाखवायला शेतकऱ्यानं इतकं चालायचं, तर ते बघायला पुढाऱ्यानं चार तासं तरी तुडवायला हवीत.

बाई बादली पुढे करते. साहेब आपल्या हातानं पाय धुतात. काळी माती नखांत तशीच राहते. बूट मात्र बांधावर कोरडे आहेत.

पाहणीला येणाऱ्या प्रत्येकानं जोडे तिथंच ठेवावेत, आणि पंचनामा वावरात उभं राहून लिहावा.