दूरचित्रवाणीवरील सरकारी खर्च आणि वऱ्हाडचा शेतकरी

दूरचित्रवाणीच्या नव्या यंत्रविद्येवर सरकारी तिजोरींतून पैसा खर्च होतो, त्याच्याशीं आम्हां शेतकऱ्यांचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, व तो जवळचा आहे.

आपल्या देशांत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस सुरू झाली, आणि १९६७ सालीं तेथेंच 'कृषिदर्शन' हा शेतकऱ्यांकरितां कार्यक्रम निघाला. परंतु मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळें दूरच्या खेड्यांस त्या लाभत नाहींत. डॉ. विक्रम साराभाई यांनीं यावर उपग्रहाचा मार्ग धरिला. १९६९ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेशीं करार झाला. उपग्रह त्यांचा, कार्यक्रम व खेड्यांतील यंत्रें आपलीं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ पर्यंत सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत तारेच्या जाळीची दहा फुटी थाळी लावून चित्र थेट आकाशांतून उतरविण्यांत आलें. उपग्रह जोरकस असल्यामुळें खेड्यांतील साधन साधें व स्वस्त ठेवितां आलें, हेंच त्या प्रयोगाचें मर्म होय. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढें १९८३ सालीं इन्सॅट-१बी हा आपला उपग्रह चढला, व लहान प्रक्षेपणकेंद्रें गांवोगांवच्या आवांक्यांत आलीं.

जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या सुधारणेस्तव 'बाइंड' योजनेखालीं २०२५-२६ पर्यंतच्या मुदतीकरितां २५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले. त्यांत दुर्गम, आदिवासी व सीमाभागांतील लोकांस आठ लाखांहून अधिक ग्राहकपेट्या विनामूल्य देण्याची तरतूद होती. आपल्या अमरावती जिल्ह्यांतील मेळघाट अशाच मुलुखांपैकीं आहे. त्यांतील किती पेट्या तेथें पोंचल्या, हें ग्रामपंचायतींनीं लेखी विचारावें.

परंतु नुसत्या पेटीनें पीक वांचत नाहीं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीचा घात केला. कामगंध सापळे केव्हां लावावे, फरदड कां घेऊं नये, हें ज्ञान अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत आहे. तें वेळेवर, वऱ्हाडच्या जमिनीस व पावसास अनुसरून, आपल्या बोलींत दिसलें पाहिजे. पुण्याकडील बागाइतीचा सल्ला येथील कोरडवाहू शेतास लागू पडत नाहीं.

सबब आमचें म्हणणें एवढेंच कीं, यंत्रावर जसा खर्च होतो तसा स्थानिक कार्यक्रमावरही व्हावा. पैसा रयतेचा आहे. त्याचा हिशेब मागणें हा रयतेचा हक्क आहे.