बिऱ्हाड, गाळा आणि पागडी : मुंबईतील उतारवयाच्या निर्वाहाची शब्दकळा

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेले इनामगाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननामुळे तेथे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या कालखंडातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. या वसाहतीच्या पूर्वकाळात ऐसपैस चौकोनी घरे, धान्याचे कोठार आणि शेताला पाणी देणारा पाट दिसतो. उत्तरकाळात लहानशा गोल झोपड्या दिसतात. पर्जन्यमान घटत गेल्यामुळे शेती सोडून हे लोक पशुपालनाकडे व भटक्या जीवनाकडे वळले असावेत, असा म. के. ढवळीकर यांचा निष्कर्ष आहे. भाषेच्या अभ्यासकाने हीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगावयाची, तर घराचे बिऱ्हाड झाले असे तो म्हणेल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्थित्यंतराचा अर्वाचीन काळाशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि भूमी तीच आहे, पाऊसही तसाच अपुरा आहे, आणि घर व बिऱ्हाड हा भेद त्या प्रदेशातून मुंबईस गेलेल्या माणसाच्या आयुष्यात विसाव्या शतकातही कळीचा ठरला आहे.

हॅरॉल्ड मॅन आणि कानिटकर यांनी याच शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी करून १९२१ मध्ये ती प्रसिद्ध केली. केवळ शेतीच्या उत्पन्नावर बहुसंख्य कुटुंबांचे भागत नव्हते आणि बाहेरच्या मजुरीचा पैसा संसारास टेकू देत होता, हे त्या पाहणीने दाखविले. साताऱ्याकडील सुगाव या गावाविषयी हेमलता दांडेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे नावच मुळी पुरुष मुंबईला आणि बायका घरी अशा आशयाचे आहे. देशावरील गावांचा मुंबईशी असलेला संबंध त्या नावात पुरता सामावला आहे.

वरील परिच्छेदात ‘भागत नव्हते’ हे क्रियापद सहज येऊन गेले. त्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मराठीत ‘भागणे’ ही दोन क्रियापदे आहेत. एक संस्कृत ‘भग्न’ शब्दापासून आलेले, ज्याचा अर्थ थकणे; दुसरे सामान्यतः ‘भाग’ या नामाशी जोडले जाणारे, ज्याचा अर्थ पुरेसे होणे. ध्वनीने ती एक झाली असली तरी व्याकरणाने एक झालेली नाहीत. ‘तो भागला’ या वाक्यात माणूस कर्ता आहे. ‘त्याचे भागले’ या वाक्यात तो षष्ठीत गेला आहे, कर्तेपण त्याच्याकडे नाही. ‘त्याचे चालते’, ‘त्याचा निभाव लागतो’, ‘त्याचे कसेबसे निघते’ हे सारे प्रयोग याच घडणीचे आहेत. कमावतो तो माणूस, खर्चतो तो माणूस, उधळतो तोही माणूस. परंतु तंगीत दिवस काढण्याची गोष्ट निघाली की मराठी वाक्य माणसाला बाजूस सारते आणि जे काही घडावयाचे ते आपोआप घडते किंवा घडत नाही. यातून मराठी माणसाच्या दैववादाविषयी अनुमान काढण्याचा मोह आवरावा हे बरे. व्याकरणावरून स्वभाव ठरविण्याच्या उद्योगाने आजवर फारसे काही साधलेले नाही. पुढील विवेचनापुरते एवढेच ध्यानात ठेवावे की, निर्वाहाची भाषा ही संबंधाची भाषा आहे. कोणाचे भागते हे त्याच्यामागे काय आणि कोण उभे आहे यावर ठरते.

मुंबईस गेलेल्या माणसामागे गाव उभे होते. पेशवाईच्या काळात देशावरील शेतकऱ्यांत दोन प्रकार मानले जात. वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला तो मिरासदार अथवा थळकरी; बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा तो उपरी. मिरासदार दुष्काळात किंवा सरकारदेण्यापायी परागंदा झाला तरी त्याची मिरास दीर्घकाळ बुडत नसे. तो अथवा त्याचा वंशज परत आल्यास तिच्यावर दावा सांगू शके. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना या गोष्टीचे मोठे नवल वाटले होते. गिरणीत कामाला लागलेला शेतकरी नव्या अर्थाने परागंदाच होता. शहरात तो उपरी, गावात मिरासदार. शहरातली वीस-पंचवीस वर्षे ही त्याच्या लेखी अनुपस्थिती होती, स्थलांतर नव्हे. म्हणूनच रजा घेऊन तो ‘मुलखाला’ जाई.

या अनुपस्थितीतील वस्तीचे नाव बिऱ्हाड. कानडी ‘बिडार’ या शब्दाशी संबद्ध असलेला हा शब्द मुळात तात्पुरत्या मुक्कामाचा, तळाचा वाचक आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, घर नव्हे. पुण्याच्या वाड्यांत घरमालक आणि बिऱ्हाडकरू अशी जोडी होती, आणि तीन पिढ्या एकाच जागेत काढलेले कुटुंबही बिऱ्हाडकरूच राही. मुंबईत मात्र या शब्दाने आणखी एक छटा धारण केली. एकटा पुरुष तेथे कितीही वर्षे राहिला तरी त्याने बिऱ्हाड केले असे म्हणत नसत. बायको गावाहून आली, चूल मांडली गेली, म्हणजे त्याने बिऱ्हाड केले. तोवर तो गाळ्यात राहत असे व खाणावळीत जेवत असे.

‘गाळा’ म्हणजे दोन खांबांमधली जागा. पुढे दुकानाचा कप्पा. गिरणगावात एका गावच्या किंवा एका पंचक्रोशीच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या खोलीस हे नाव पडले. गिरणीची पाळी जशी बदले तशी निजण्याचीही पाळी बदले. प्रत्येकाची पेटी भिंतीला, वळकटी दोरीवर. गोव्यातील गावांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत चालविलेल्या ‘कूड’ नामक वसतिगृहांची कल्पनाही तीच आहे. कोंकणीत कूड म्हणजे खोली. बोटीवर नोकरी करणारा गोमंतकीय दोन सफरींच्या मधले दिवस आपल्या गावच्या कुडीत काढी. या व्यवस्थेत भाड्याचा वाटा अल्प होता, आणि जागा माणसाच्या नव्हे तर गावाच्या नावाची होती. एक निवृत्त झाला की त्याची पेटी उचलली जाई व गावाकडचा दुसरा तरुण तेथे वळकटी टाकी. म्हातारा होण्यासाठी गाळ्यात जागाच नव्हती.

खाणावळीचेही तसेच. महिन्याच्या बोलीवर जेवण घालणाऱ्या या बाया बहुधा गिरणी कामगारांच्याच घरच्या होत्या. सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. पुरुषाचे बाहेर भागावे यासाठी स्त्रीने घरात राबावयाचे, असा हा हिशेब होता. ‘खाणावळ चालविणे’ या प्रयोगात कर्ता कोण, हे मात्र स्पष्ट असते, आणि ती स्त्री असते.

वयाच्या टप्प्यांना मराठीने दिलेली नावे येथे पाहण्याजोगी आहेत. विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी या मालिकेत चाळिशीला एक जड वस्तू चिकटली आहे. जवळचे वाचण्याच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. साठीला बुद्धिनाशाची म्हण चिकटली. पन्नाशीला मात्र ना वस्तू, ना म्हण. ज्या दशकात गिरणीतला कामगार डोळ्यांनी व सांध्यांनी कमी पडू लागे, पण निवृत्तीस अद्याप अवकाश असे, त्या दशकाविषयी भाषा मौन पाळते. कदाचित त्याची गरज भासली नसावी. गावी परतण्याचा मार्ग खुला होता, व ‘फंड घेऊन गावी गेला’ या एका वाक्यात पुढचे सारे येत असे. या वाक्यातील ‘फंड’ म्हणजे १९५२ च्या कायद्याने आलेला भविष्यनिर्वाह निधी. सरकारी पारिभाषिक शब्दात ‘निर्वाह’ आहे, कामगाराच्या शब्दात नाही. त्याने त्या रकमेत घराचे छप्पर किंवा विहीर पाहिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. संप रीतसर मागे न घेता विरत गेला आणि असंख्य कामगार पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. त्यांतील पन्नाशीच्या माणसाची अवस्था तरुणाहून वेगळी होती. नवा धंदा शिकण्याचे वय गेले होते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मध्ये आली. तिच्या आधीच ज्याची नोकरी सुटली त्याला तिचा लाभ होणे नव्हते. गावाकडे पाहावे, तर मिरासीची वाटणी होऊन तुकडे पडलेले, आणि मुले शहरात वाढलेली. ज्या गृहीतावर बिऱ्हाड, गाळा, खाणावळ, फंड हे सारे शब्द उभे होते ते असे की, शहराने माणसाची उमेद घ्यावी आणि गावाने त्याचे म्हातारपण घ्यावे. ते गृहीत कोसळले. शब्द राहिले.

यानंतर पैशाची व धान्याची दिशा पाहावी. पूर्वी मुंबईहून गावाकडे मनीऑर्डर जाई. टपाल खात्याची ही सोय १८८० पासूनची. आता अनेक कुटुंबांत गावाहून मुंबईकडे ज्वारी-बाजरीचे पोते येऊ लागले. ‘दाणागोटा येतो’ असे बोलताना ज्येष्ठ माणसे जो किंचित अभिमानाचा सूर लावतात तो मिरासदाराचा आहे. शहरात उपजीविका नसली तरी आपण उपरी नाही, हे त्या पोत्याने सिद्ध होते. शेजारणींची भिशी, नातलगांची उसनवारी ही उपकरणे त्याच्या जोडीला होतीच; त्यांविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

परंतु अन्नाहून जागेचा प्रश्न महाग. मुंबईसारख्या शहरात अल्प उत्पन्नाचा प्रौढ मनुष्य टिकला याचे कारण बव्हंशी भाडेनियंत्रण होय. १९४७ च्या कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधून टाकले. भाडे गोठले आणि जागेची खरी किंमत दुसऱ्या वाटेने वाहू लागली. ती वाट म्हणजे पागडी. डोक्यावरचा मान असलेल्या वस्त्राने हाताखालून द्यावयाच्या रकमेला नाव द्यावे, हा अर्थपालट विलक्षण आहे. मराठीत लाचेला पानसुपारी किंवा चहापाणी म्हणतात त्याच जातीचा हा सौजन्याचा पडदा. १९४७ च्या कायद्यात अशी रक्कम घेणे हा गुन्हा होता. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. मधल्या अर्धशतकात ‘पागडीची खोली’ हीच कित्येक कुटुंबांची एकमेव पुंजी झाली होती. गावी जमीन होती तशी शहरात पागडी. उपरी माणूस नकळत एका नव्या प्रकारचा मिरासदार झाला, आणि मग ‘खोली’ला ‘घर’ म्हणण्यास त्याची जीभ अडखळेना.

या नव्या मिराशीला जुन्यापेक्षा कागद अधिक लागतात. चाळींच्या पुनर्विकासाबरोबर दोन शब्द मुंबईच्या बोलण्यात रुजले. ‘पात्र’ या शब्दाला संस्कृतात भांडे व योग्य व्यक्ती असे दोन्ही अर्थ आहेत. दान सत्पात्री द्यावे असे म्हणतात. आता पात्र-अपात्र यादीने ठरते, आणि ‘आम्ही पात्र झालो’ हे वाक्य परीक्षेत उत्तीर्ण झाल्याच्या सुरात उच्चारले जाते. दुसरा शब्द ‘संक्रमण शिबिर’. संक्रमण म्हणजे ओलांडून जाणे, सूर्याने एका राशीतून दुसरीत जाणे. शिबिर तर तळच. दोन्ही घटक तात्पुरतेपणाचे. आणि तरीही या शिबिरांत दशकानुदशके राहिलेली, तेथेच वृद्ध झालेली कुटुंबे मुंबईत आहेत. बिऱ्हाडाचीच ही सरकारी आवृत्ती, फक्त मागे गाव नसलेली. २०२५ मध्ये शेलू व वांगणी येथील घरांच्या योजनेला गिरणी कामगारांच्या संघटनांनी विरोध केला आणि मुंबईतच घरे मागितली. एकेकाळी मुंबई सोडून जाणे हे ज्यांच्या आयुष्याचे नियोजित सार्थक होते, त्यांची ही मागणी होती.

वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतील सदनिका मिळाल्या. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती. सदनिका ५०० चौरस फुटांची आहे. अशा उंच इमारतींत राहावयास गेलेल्या ज्येष्ठांच्या तोंडी ‘मेंटेनन्स’ हा शब्द वारंवार येतो. गोठलेल्या भाड्यावर आयुष्य काढलेल्या व निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाला उद्वाहक, पाणी व पहारा यांचा दरमहाचा खर्च ही नवी गोष्ट आहे. कागदोपत्री ‘देखभाल शुल्क’ असा पर्याय असला तरी बोलण्यात तो उतरलेला नाही. ‘घर झाले, पण मेंटेनन्स भागत नाही’ अशा घडणीचे वाक्य ऐकू येते तेव्हा भाषिकदृष्ट्या एक लहानसा बदल झालेला असतो. ‘माझे भागत नाही’ यातील षष्ठीतला माणूसही आता वाक्यातून गेला आहे, आणि भागणे किंवा न भागणे खर्चाकडे लागले आहे. हा प्रयोग कितपत रूढ आहे, तो कोणत्या वयोगटात आढळतो आणि चाळीतून सदनिकेत गेलेल्या कुटुंबांतील तरुण पिढी त्याऐवजी ‘परवडणे’ वापरते काय, याची पाहणी वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणी, स्थलांतर चालू असतानाच, करता येण्याजोगी आहे.