कपिलधारेची हवा आणि जमिनीलगतचा ओझोन

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याच्या घाटाजवळ, बालाघाटाच्या रांगेतील एका खोल दरीत कपिलधार हे क्षेत्र वसले आहे. ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची संजीवन समाधी तेथे असल्यामुळे कार्तिकी पौर्णिमेस वीरशैव लिंगायत समाजाच्या दिंड्या दूरदुरून पायी चालत येतात, आणि पावसाळा भरात असताना कड्यावरून कोसळणारी धार पाहून परतणारा सुशिक्षित मनुष्य ‘येथील हवा कशी ओझोनयुक्त आहे!’ असा शेरा मारल्यावाचून सहसा राहत नाही. हा शेरा एकोणिसाव्या शतकातील आहे. १८३९ साली बाझल येथे शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने हा वायू ओळखला, आणि पुढे डोंगरावरील व समुद्रतीरावरील हवेत तो विपुल असतो म्हणून ती आरोग्यप्रद, असा समज युरोपात रूढ होऊन इंग्रजी अमदानीत आपल्याकडेही आला. शास्त्राने तो केव्हाच रद्दबातल ठरविला असला, तरी बोलण्यात त्याचा अंमल अद्याप चालू आहे.

वातावरणातील सुमारे नव्वद टक्के ओझोन स्थितांबरात असतो आणि तेथे तो सूर्याच्या घातक अतिनील किरणांना अडवून आपले रक्षण करतो, हे खरे. परंतु तोच वायू श्वासावाटे आत गेला म्हणजे फुप्फुसांचा दाह करतो. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली त्यासाठी आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंत सुमारे पन्नास, अशी हद्द घालून दिली. या प्रदूषकाचे वैचित्र्य असे, की त्याचे उगमस्थान म्हणून कोणत्याही धुराड्याकडे बोट दाखविता येत नाही. तो हवेतच, उन्हात, इतर वायूंपासून घडतो.

कोठेही इंधन उच्च तापमानावर जळले, की हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने नायट्रिक ऑक्साइड आणि त्यातून नायट्रोजन डायॉक्साइड तयार होतो. सूर्यप्रकाशातील जांभळ्या व अतिनील किरणांनी डायॉक्साइडचा रेणू फुटून ऑक्सिजनचा एक अणू सुटा होतो, आणि तो हवेतील ऑक्सिजनच्या रेणूस चिकटून ओझोन बनतो. पण मागे उरलेले नायट्रिक ऑक्साइड त्या ओझोनला लगोलग गाठून नष्ट करते आणि स्वतः पुन्हा डायॉक्साइड होते. म्हणजे जमेइतकाच खर्च, आणि शिल्लक जवळजवळ शून्य. ही शिल्लक वाढते ती तिसऱ्याच्या हस्तक्षेपाने. हवेतील हायड्रॉक्सिल हे अल्पायुषी मूलक पेट्रोल-डिझेलच्या वाफा, चुलीचा धूर, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, इतकेच काय निलगिरीसारख्या वृक्षांच्या पानांतून सुटणारे आयसोप्रीनही, यांच्यावर आघात करते. त्यातून निर्माण होणारी पेरॉक्सी मूलके नायट्रिक ऑक्साइडचे डायॉक्साइड करून टाकतात, परंतु त्यासाठी ओझोन खर्ची घालीत नाहीत. मग उन्हाच्या प्रत्येक प्रहरागणिक ओझोन साचत जातो. अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करणारे कॅलिफोर्नियातील आरी हागन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे कोडे उलगडले, तेव्हा तेलकंपन्यांना ते मुळीच रुचले नव्हते.

आता शहराची हवा वाईट आणि डोंगराची चांगली हे समीकरण येथे का कोलमडते, ते ध्यानात येईल. भर रहदारीच्या चौकात ताजे नायट्रिक ऑक्साइड इतके असते, की ते तेथला ओझोन खाऊन टाकते. वाऱ्याबरोबर हे मिश्रण खेड्यापाड्यांकडे जाऊ लागले, की वाटेत ऊन त्याचे ओझोनात रूपांतर करीत राहते. कपिलधारेजवळून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. पूर्वेस परळीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. सुगीनंतर उसाचे पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या पेटविल्या जातात. आणि युरिया दिलेली कोरडी जमीन पहिल्या पावसाने भिजली, की तिच्यातूनही नायट्रिक ऑक्साइड उसळते. जिल्ह्याला लागून असलेल्या शेवगाव तालुक्यातील जोहरापूर या खेड्यात पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी या शतकाच्या आरंभी ओझोनची मोजदाद केली, ती याच दृष्टीने मोलाची होय. तेथे ओझोन दुपारी चढतो, रात्री उतरतो, उन्हाळ्यात वाढतो आणि पावसाळ्यात नीचांकास जातो.

या शेवटच्या नोंदीत आमच्या पर्यटकाच्या शेऱ्याचे पुरते खंडन आहे. धबधबा जोरात असतो तेव्हाच ओझोन सर्वांत कमी! त्याचे श्रेय मात्र धारेचे नव्हे, कारण ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. ढगांनी ऊन अडविलेले असते आणि समुद्रावरून आलेली स्वच्छ हवा मुलखावर पसरलेली असते, म्हणून तसे घडते. उलट यात्रेच्या कार्तिकात आकाश निरभ्र, वारा मंद आणि दिशा बहुधा पूर्वेकडची. त्यातही दरीचा न्याय निराळा असतो: रात्री थंड हवा तळाशी उतरून साचते आणि तिच्यातील ओझोन दगड, माती व पाने यांच्या स्पर्शाने झिजत जातो, तर पठाराच्या बऱ्याच वरच्या थरात आदल्या दिवसाचा ओझोन तसाच टिकून राहतो, सकाळी जमीन तापून हवा घुसळली गेली, की तो खाली येतो.

माणसाहून पिकाची स्थिती अधिक केविलवाणी, कारण पर्णरंध्रे उघडल्याशिवाय त्याला कार्बन डायॉक्साइड मिळत नाही, आणि ती उघडली की त्याच वाटेने ओझोन आत शिरून प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडवितो. सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ या वर्षी ओझोनमुळे देशातील गव्हाचे सुमारे ३५ लाख टन आणि भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पन्न बुडाल्याचा अंदाज आहे. बीडच्या काळ्या रानात जी पिके मुख्य, त्या कापसाची घट सुमारे ५ टक्के आणि सोयाबीनची सुमारे पावणेतीन टक्के धरली आहे. महसूल खात्याच्या आणेवारीत उत्पन्न घटल्याचे दिसते, पण ते अवर्षणाने, बोंडअळीने की या अदृश्य वायूने घटले, हे दिसण्याची सोय नाही.

उपायांचा विचार करताना शहराचा धडा खेड्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबई-पुण्याच्या दाट रहदारीत नायट्रोजनची ऑक्साइडे थोडीशीच कमी केली, तर ओझोन खाणारेच घटल्यामुळे तो काही काळ वाढूही शकतो. बालाघाटासारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशात मात्र झाडे व चुली यांच्या वाफा पुरेशा असून तुटवडा असतो तो त्या ऑक्साइडांचाच, आणि म्हणून परळीच्या धुराड्यातून, महामार्गावरील मालमोटारींतून किंवा जळत्या पाचटातून ती जितकी कमी सुटतील, तितका ओझोन तेथे खाली येईल.